पाटीवरचे नाव, पोटातले नाव

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला बायकांची दोन नावे फार लवकर कळतात. लग्नाआधी वडिलांनी केलेली मुदत ठेव कुमारी अमुकच्या नावाने, आणि पावती घेऊन समोर उभ्या असतात सौभाग्यवती तमुक. काही घरांत तर ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून पहिले नावही बदललेले. म्हणजे पावतीवरचे एक अक्षर समोरच्या बाईला लागू नाही. मग लग्नपत्रिका आणा, गॅझेटचे कात्रण आणा, ओळखीचा खातेदार आणा. माझे पहिले शाखाधिकारी मात्र म्हणायचे, "कागद राहू द्या हो, सही करताना हात बघा. नाव बदलतं, वळण बदलत नाही."

हे वाक्य पुढे १९९९ साली एका कॉम्प्युटरच्या बाबतीत आठवेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

त्या वर्षी मी मुंबईत मुख्य कार्यालयात होतो. सन २००० उजाडताच जुनी यंत्रे वर्षाचे शेवटचे दोन आकडे '००' बघून १९०० साल समजतील, या भीतीने सगळ्या बँका कामाला लागल्या होत्या. रिझर्व्ह बँकेला तयारीचे अहवाल जात होते. आमच्याकडे त्यासाठी एक कक्ष उघडला आणि मी कादंबऱ्या लिहितो एवढ्या एकाच पात्रतेवर अहवाल लिहायचे काम माझ्याकडे आले. पहिले काम यादीचे. प्रत्येक यंत्र कोणाचे, मॉडेल कोणते आणि मूळ निर्मात्याने त्याबद्दल काय कळवले आहे, असे रकाने होते.

शाखांतले पीसी सोपे होते. अडले ते गुंतवणूक विभागातल्या तीन वर्कस्टेशनांपाशी. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर सगळ्याच बँकांना रोख्यांचे हिशेब चोख ठेवण्याची घाई झाली होती. त्या घाईत, त्याच वर्षाच्या अखेरीस ही तीन यंत्रे आली. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी पेटी, वर जडशीळ रंगीत मॉनिटर. पेटीवर एका देशी कंपनीची पाटी आणि तिचाच मॉडेल क्रमांक. कंपनीचे नाव इथे घेत नाही. १९९९ पर्यंत तिने गाशा गुंडाळला होता आणि मी पाठवलेले रजिस्टर्ड पत्र 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत आले होते. निर्माताच नाही, तर रकान्यात लिहायचे काय?

देखभालीच्या कंत्राटावर येणारा इंजिनिअर सांगलीकडचा, पंचविशीतला मुलगा. तो हसून म्हणाला, "सर, ही पाटी सासरची आहे. माहेर शोधायला पाहिजे."

वर्कस्टेशन म्हणजे त्या काळच्या पीसीपेक्षा कितीतरी ताकदवान, युनिक्सवर चालणारे, एका माणसाच्या टेबलावरचे यंत्र. ते बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या होत्या, विकणाऱ्या मात्र पुष्कळ. एखाद्या मोठ्या कंपनीकडे गिऱ्हाईक असे, विश्वास असे, दुरुस्तीची माणसे असत. नसे ते फक्त यंत्र. मग दुसऱ्याचे घ्यायचे आणि आपली पाटी लावायची. यात चोरी काही नाही, करार करून चालणारा राजरोस व्यवहार. अमेरिकेतल्या कंट्रोल डेटाचे 'सायबर ९१०' हे सिलिकॉन ग्राफिक्सचे आयरिस होते. फ्रान्सच्या बुल कंपनीची 'डीपीएक्स/२०' ही आयबीएमची आरएस/६०००. जपानात फुजित्सूची 'एस-४' मालिका आणि तोशिबाची 'एएस' मालिका, दोन्हींच्या आत सन मायक्रोसिस्टिम्सची स्पार्कस्टेशने. गिऱ्हाइकाचे यात काही बिघडत नाही; बिघडते ते सुटा भाग हवा असतो तेव्हा, किंवा पाटीवाला निघून जातो तेव्हा.

तेव्हा खुणा शोधाव्या लागतात. एक खूण नेटवर्कच्या पत्त्यात असते. प्रत्येक यंत्राला इथरनेटचा एक कायमचा पत्ता, दोन-दोन अंकाक्षरांच्या सहा जोड्या. त्यातल्या पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीच्या. ०८-००-२० म्हणजे सन, ०८-००-६९ म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्स, ०८-००-०९ म्हणजे ह्यूलेट-पॅकर्ड. मी लगेच म्हणालो, "म्हणजे गोत्र." पोराला ते इतके आवडले की पुढे तो प्रत्येक विभागात जाऊन "गोत्र बघतो" असेच सांगू लागला.

गोत्रावरून घराणे कळते, माणूस नाही. सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्राला एक छोटी आज्ञा दिली की ते आपल्या मूळ बोर्डाचा क्रमांक सांगते, आयपी २० किंवा आयपी २२. पेटीवर कोणाचीही पाटी असो. कारखान्यातली टोपणनावे आणखी निराळी. बाजारात 'इंडिगो' म्हणून गेलेले यंत्र घरात 'हॉलिवूड' होते आणि 'इंडी'चे नाव 'गिनेस'. सनच्या पहिल्या स्पार्कस्टेशनला, १९८९ साली, घरात 'कॅम्पस' म्हणत आणि त्याच्या स्वस्त भावंडाला 'ऑफ-कॅम्पस'. सन हे नावच मुळी स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कची आद्याक्षरे. तेव्हा विद्यापीठाचे संस्कार सुटणार कसे!

एका शनिवारी दुपारी, विभाग रिकामा झाल्यावर, आम्ही दोघे त्या तीन पेट्यांपुढे बसलो. बंद करून चालू केल्या तर पडद्यावर देशी कंपनीचे चिन्ह आणि नाव. मला वाटले, माहेर नाहीच. पोरगा म्हणाला, सनने आपल्या यंत्रात ही सोय मुद्दाम ठेवली आहे; विकणाऱ्याने आपले नाव आणि चित्र भरले की सुरुवातीला तेच दिसते. कन्यादान करणाऱ्यानेच नाव बदलायचे तबक पुढे केलेले! मग त्याने यंत्र पूर्ण सुरू होऊ दिले आणि 'होस्टआयडी' अशी आज्ञा दिली. आठ अंकाक्षरे उमटली. त्यातली पहिली दोन मॉडेलची असतात. स्पार्कस्टेशन १ असेल तर ५१, स्पार्कस्टेशन २ असेल तर ५५. आमच्या पहिल्या यंत्रावर ५७ आले. म्हणजे १९९१ साली आलेले स्पार्कस्टेशन आयपीएक्स. दुसऱ्यावर ५७. तिसऱ्यावर ५२.

पोराने पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा ५२.

५२ म्हणजे आयपीसी. एक वर्ष आधीचे, स्वस्त मॉडेल. डबा जवळजवळ तोच, म्हणून वरची पाटी बदलली की नजरेने ओळखू येत नाही. पण आयपीएक्सचा प्रोसेसर ४० मेगाहर्ट्झचा, आयपीसीचा २५ चा. स्मृतीची कमाल मर्यादा एकाची ६४ मेगाबाइट, दुसऱ्याची ४८. आणि आयपीसीत उपजत फक्त काळापांढरा पडदा चालवायची सोय. आम्ही पेटी फिरवली. पहिल्या दोन्ही यंत्रांत मॉनिटरची जाड वायर मुख्य बोर्डाच्या जागेत गेलेली. तिसऱ्यात ती वर बसवलेल्या एका जादा कार्डात गेलेली. रंग मागाहून चढवला होता. होस्टआयडी एका बॅटरीवाल्या चिपमध्ये असतो आणि चिप बदलता येते, म्हणून पोराने झाकण उघडून बोर्डावरचा ५०१ ने सुरू होणारा भाग क्रमांकही ताडून पाहिला. शंकेला जागा उरली नाही. तीन सारख्या पाट्या, एकच मॉडेल क्रमांक, बिलात एकच दर, आणि आतले एक यंत्र निराळे.

डिलिव्हरी चलन फाइलीत होते. 'नग ३, सुस्थितीत व मागणीप्रमाणे मिळाले.' खाली सही माझी. १९९२ मध्ये मी त्याच विभागात नवा आलो होतो आणि मी पाट्या मोजून सही केली होती.

तिसरे टेबल आमच्या विभागातल्या एका बाईंचे होते. रोख्यांच्या मूल्यांकनाचे जे काम पहिल्या दोन टेबलांवर पाऊण तासात व्हायचे, ते त्यांच्याकडे सव्वा तासावर जायचे. महिनाअखेरीला त्या सर्वांत शेवटी उठत. त्यांनी दोन-तीनदा तक्रार केली होती. यंत्रे एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची आहेत, तेव्हा फरक चालवणाऱ्यात असणार, असे त्यांना सांगण्यात आले. सांगणाऱ्यांत मीही होतो. त्यांच्या गोपनीय अहवालात 'कामाचा वेग कमी' हा शेरा लागोपाठ पडत गेला आणि बढतीच्या यादीतून त्यांचे नाव एकदा नव्हे, दोनदा गळले.

सोमवारी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन सगळे सांगितले. आकडे, वायर, चलन, सही. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सात वर्षं माझी सव्वासातची डोंबिवली चुकायची, ती ह्याच्यामुळे?" पडद्याकडे बोट होते. मी म्हणालो, "ह्याच्यामुळे आणि माझ्यामुळे." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. व्हीटीचे सीएसटी होऊन तीन वर्षे झाली होती, पण आम्ही सगळे व्हीटीच म्हणायचो. त्या संध्याकाळी त्या साडेपाचला उठून व्हीटीला गेल्या, काम टेबलावर तसेच ठेवून. कोणी काही विचारले नाही.

कक्षाच्या कामापुरते बोलायचे तर प्रश्न सुटला. मूळ मॉडेल कळल्यावर सनच्या कागदांत काय पाहायचे ते कळले. यंत्रांवरची सनओएस जुनी होती आणि दुरुस्ती प्रत्येक आवृत्तीला मिळत नव्हती. तिन्ही यंत्रे डिसेंबरआधी कामातून काढावीत, अशी शिफारस मी केली आणि ती मान्य झाली. पण यादीत तिसऱ्या यंत्रापुढे काय लिहायचे, यावर मी दोन रात्री काढल्या. 'स्पार्कस्टेशन आयपीएक्स, नग ३' असे लिहिले असते तर कोणी पेटी उघडून बघणार नव्हते. वरिष्ठांनी सुचवलेही तेच. यंत्रे जाणारच आहेत, कंपनी उरलेली नाही, वसुली होणार नाही, मग ऑडिटच्या हाती कोलीत का द्या? व्यवहार म्हणून त्यांचे चुकत नव्हते.

मी 'आयपीएक्स, नग २. आयपीसी, नग १' असे लिहिले आणि खाली तीन ओळींचा खुलासा जोडला. मला स्पष्टीकरण विचारण्यात आले. फाइलीत एक सौम्य समज देणारे पत्र लागले. ते मला फारसे टोचले नाही. टोचले ते दुसरे. बाईंच्या अहवालांतले शेरे काढावेत म्हणून मी स्वतंत्र टिपण पाठवले, त्याला सहा आठवड्यांनी उत्तर आले की मागील वर्षांचे गोपनीय अहवाल पुन्हा उघडण्याची तरतूद नाही. शेरा यंत्राचा आहे, बाईंचा नाही, असे मी पुन्हा लिहिले. त्याला उत्तर आले नाही. पुढे बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, त्यात २००१ साली बाई बाहेर पडल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या 'शांतपणे काम करण्याच्या' पद्धतीचे कौतुक केले.

तो सांगलीचा इंजिनिअर पुढे अमेरिकेला गेला. तिकडे असली जुनी यंत्रे हौसेने जमवणारी माणसे त्याला भेटली. त्याने सांगितले, बॅटरी असलेली ती चिप आता बहुतेक यंत्रांत मरून गेली आहे. यंत्र सुरू होते, पण होस्टआयडी विसरलेले असते, इथरनेटचा पत्ताही विसरलेले असते. मग मालक जुन्या कागदावरून आकडे बघून ते हाताने भरतो. कागद नसेल तर अंदाजाने.

आमची तीन यंत्रे १९९९ च्या डिसेंबरात भंगारात गेली. पावती मीच करवून घेतली. भंगारवाल्याच्या मुनिमाने पेट्यांवरच्या पाट्या वाचून तीनदा एकच नाव लिहिले. मी त्याच्या हातातून पेन घेतले, तिसऱ्या ओळीपुढे '५२' लिहिले आणि सही केली. त्याने विचारले, "हा वजनाचा आकडा का, साहेब?" मी हो म्हणालो.