गिअरबॉक्सची कुरकुर



मोटारगाडीच्या दुखण्यांपैकीं घरधन्याला सर्वांत घाबरविणारें दुखणें म्हणजे गिअरबॉक्सचें. टायर बसला किंवा दिवा गेला तर काय झालें तें डोळ्यांना दिसतें. गिअरबॉक्स ही मात्र बंद पेटी. ‘पेटी उतरवावी लागेल’ असें मेस्त्री म्हणाला कीं आपण मुकाट्यानें मान डोलावतों. कारण हो किंवा नाहीं म्हणण्यापुरतीही माहिती आपल्यापाशीं नसते. आजच्या भाषणाचा हेतु श्रोत्यांना मेस्त्री बनविण्याचा नाहीं. दुखणें खरोखर पेटीच्या आंत आहे, कीं तिच्या उंबरठ्यावरच आहे, एवढें ओळखतां यावें, इतकाच तो आहे. हा फरक लहान नव्हे. एका बाजूला बाटलीभर द्रवानें किंवा एक तार ताणून भागणारें काम असतें; दुसऱ्या बाजूला घरचा महिन्याचा हिशेब कोलमडविणारें. शिवाय घाटांत गाडी दगा देते तेव्हां प्रश्न केवळ पैशाचा उरत नाहीं.

प्रथम या पेटीचें काम काय तें पाहूं. चढ लागला कीं बैल आपला जोर वाढवितो. इंजिनाला तसें करतां येत नाहीं. तें भराभर फिरत असेल तरच त्याच्या अंगीं बळ असतें; हळू फिरूं लागलें कीं तें गुदमरतें आणि बंद पडतें. म्हणून इंजिनाला वेगानें फिरूं द्यावयाचें, आणि चाकें मात्र सावकाश पण जोरानें फिरवावयाचीं, ही किमया लहानमोठ्या दंतचक्रांकडून करून घ्यावी लागते. सामान्य घरगुती गाडींत पहिल्या गिअरमध्यें इंजिनाकडचा दांडा सुमारें साडेतीन फेरे करतो, तेव्हां पेटींतून बाहेर पडणाऱ्या दांड्याचा एक फेरा होतो. चौथ्या गिअरमध्यें हें प्रमाण जवळजवळ एकास एक होतें. वेग देऊन बळ घ्यावयाचें, किंवा बळ देऊन वेग, असा हा रोखीचा व्यवहार आहे.

आरंभींच्या मोटारींत हा व्यवहार मोठ्या खडखडाटानें चाले. फिरतीं दंतचक्रें सरळ एकमेकांवर लोटावीं लागत, आणि त्यांचे वेग जुळले नाहींत तर दांते खरडत. १९२८ सालीं कॅडिलॅक गाड्यांत सिंक्रोमेश नांवाची योजना आली, आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. या योजनेंत दांते भिडण्यापूर्वीं एक निमुळतें कडें घासून दोघांचे वेग जुळवून घेतें. आजच्या हातानें बदलावयाच्या गिअरमध्यें हीं कडीं असतात. बहुधा तीं पितळेसारख्या पिवळ्या धातूचीं असतात.

इंजिन आणि ही पेटी यांच्यामध्यें क्लच असतो, आणि पेटीवर येणारे बहुतेक खोटे आरोप वस्तुतः याचेच असतात. इंजिनाबरोबर फिरणारें जड चाक आणि स्प्रिंगनें दाबलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्यें एक खरखरीत चकती चिमटींत धरलेली असते. पेडल दाबलें कीं चिमटा सुटतो. सोडलें कीं बसतो. याला दोनच दुखणीं होतात : चिमटा घट्ट बसत नाहीं, किंवा पुरता सुटत नाहीं.

पहिल्या दुखण्याचें लक्षण असें : चौथ्या गिअरमध्यें ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानानें पुढें जात नाहीं, चढावर जळकट वास येतो. शंका असल्यास मोकळ्या सपाट जागीं, पुढेंमागें कोणी नसतांना, हातब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक दाबून धरावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच शाबूत असेल तर इंजिन तत्काळ बंद पडतें. तें फिरतच राहिलें तर चकती घसरते आहे असें समजावें. ही परीक्षा एकदांच करावी. पुन्हां पुन्हां केल्यास चांगली चकतीही जळेल. चकती बदलण्यासाठीं पेटी उतरवावीच लागते. म्हणून त्याच वेळीं चकती, प्रेशर प्लेट आणि क्लच सोडविणारें बेअरिंग हीं तिन्ही बदलून घेणें शहाणपणाचें असतें. मजुरी एकदांच पडते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत नाहीं ना, हेंही तेव्हांच पाहून घ्यावें. नाहीं तर नवी चकतीही तेलकट होऊन घसरूं लागेल.

दुसऱ्या दुखण्याची खूण याहूनही सोपी आहे. इंजिन बंद असतांना सर्व गिअर सहज पडतात, आणि इंजिन चालू होतांच पहिला किंवा रिव्हर्स टाकतांना खरखर होते. अशा वेळीं पेटी बहुधा निर्दोष असते. क्लच पुरता सुटत नसतो. प्रथम पेडलखालीं सतरंजी दुमडून अडकलेली नाहीं ना, हें पाहावें. क्लच तारेवर चालणारा असेल तर तार ताणून घ्यावी. द्रवावर चालणारा असेल तर बॉनेटखालच्या डबींतील द्रवाची पातळी पाहावी. ती खालावली असल्यास नुसता द्रव ओतून स्वस्थ बसूं नये. तो कोठें गळतो तें शोधून, नळींत शिरलेली हवा काढून टाकणें अवश्य आहे. कित्येक गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते, म्हणून ही हयगय जिवावर बेतूं शकते.

आतां आवाजांकडे वळूं. येथें कानांपेक्षां डाव्या पायाचा उपयोग अधिक होतो. गाडी उभी, गिअर न्यूट्रल आणि इंजिन चालू असतांना घरघर ऐकूं येते आणि पेडल दाबतांच ती थांबते, तर पेटींत शिरणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडविणारें बेअरिंग झिजलें आहे. एकाच गिअरमध्यें आवाज येतो आणि बाकींच्यांत येत नाहीं, तर त्या गिअरचे दांते तपासावेत. आणि गिअर कोणताही असो, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी व वळणावर कमीजास्त होणारी घरघर ही पुष्कळदां चाकाच्या बेअरिंगची असते. तिच्यासाठीं पेटी उघडणें म्हणजे दांत दुखतो म्हणून पोटावर शस्त्रक्रिया करण्यासारखें आहे.

क्लच पुरता दाबूनही ठराविक एकच गिअर, विशेषतः दुसरा, टाकतांना खरडत असेल, तर त्याचें सिंक्रोमेशचें कडें झिजलें आहे. तेथें दुखणें खरोखरच पेटींत आहे. पण त्याआधीं पेटींतील तेल पाहावें. तें कमी, जुनें किंवा भलत्याच जातीचें असलें तरी हीच तक्रार उद्भवते. मागच्या धुऱ्यासाठीं बनविलेल्या कांहीं तीव्र तेलांतील रसायनें पिवळ्या धातूच्या कड्यांना खातात. म्हणून गाडीच्या पुस्तकांत लिहिलें आहे तेंच तेल भरावें.

याहून गंभीर लक्षण म्हणजे चालत्या गाडींत गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्यें येणें. पेटीचे रबरी आधार सैल झाल्यानें असें होऊं शकतें, किंवा आंतील खांचा व दांते झिजल्यानें. सपाट रस्त्यावर याची केवळ चीड येते. बोरघाट किंवा कसारा घाट उतरतांना मात्र, इंजिनानें गाडीला मागें ओढून धरलेलें असतें, तो आधार एकाएकीं सुटतो; सारा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक निकामी होतात. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत घाटांत नेऊं नये.

तेलाची गळती शोधण्याची युक्ति तर कोणत्याही घरांत जमेल. रात्रीं गाडीखालीं पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं पडलेला डाग काळपट असेल तर तो बहुधा इंजिनच्या तेलाचा; दाट व गंधकासारख्या उग्र वासाचा असेल तर गिअरच्या तेलाचा; तांबूस असेल तर बहुधा स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाचा.

स्वयंचलित गिअरची कथा थोडी निराळी आहे. जनरल मोटर्सनें १९३९ सालीं ओल्ड्समोबिल गाड्यांसाठीं हायड्रामॅटिक पुढें आणलें, तेव्हांपासून या जातींत तेल हें केवळ वंगण नसून दाबानें गिअर बदलविणारा हातच होऊन बसलें आहे. म्हणून दांडा ‘डी’वर आणल्यावर गाडी क्षणभर विचारांत पडल्यासारखी थांबत असेल, गिअर बदलतांना धक्का बसत असेल, किंवा तेल तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर विलंब करूं नये. गाडी एकाच गिअरमध्यें अडकून दिवा लागला असेल, तर यंत्रानें स्वतःला वांचविण्यासाठीं तसें केलेलें असतें. हळू चालवीत जवळचें दुरुस्तीगृह गाठावें. बंद पडलेली अशी गाडी, जोराचीं चाकें जमिनीवर टेकवून, दोरानें ओढीत नेऊं नये. कारण इंजिन बंद असतांना आंत तेल फिरत नाहीं.

आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर जी स्वस्त स्वयंचलित पद्धत घरोघरीं आली, तींत मात्र साधीच पेटी आणि साधाच क्लच असतो; पाय तेवढा यंत्राचा. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली तर तो क्लचही जळतो. तेथें ब्रेकच वापरावा.

बाकीं काळजी म्हणाल तर ती संवयींचीच आहे. क्लचच्या पेडलवर पाय विसावूं नये, गिअरच्या दांड्यावर हात टेकून बसूं नये, आणि गाडी पुरती थांबल्यावांचून रिव्हर्स टाकूं नये.

आणि मेस्त्रीकडे जातांना ‘गिअरबॉक्स बिघडला’ असा निकाल घेऊन जाऊं नये. गिअर कोणता, गाडी थंड असतां कीं तापल्यावर, चढावर कीं उतारावर, क्लच दाबतां कीं सोडतां, आणि केव्हांपासून, हे पांच तपशील कागदावर लिहून न्यावे. जाणता मेस्त्री ते ऐकून पेटीला हात लावण्यापूर्वीं बरेंचसें निदान करील. आणि ते न ऐकतांच जो पेटी उतरवूं म्हणेल, त्याच्या हातीं किल्ली देण्यापूर्वीं आपण दुसऱ्या मेस्त्रीचें मत घ्यावें, हें बरें.