बायोमेडिकल म्हणजे डॉक्टरकी नव्हे

नीटमध्ये गुण कमी पडले की पालक विचारतात, "साहेब, म्हैसूरला बायोमेडिकल घेऊ का? डॉक्टरकीच्या जवळचंच ना?"

जवळचं आहे, पण डॉक्टरकी नाही. या पदवीवर रुग्णाला औषध लिहून देता येत नाही. रोग पेशीत कसा घडतो, ते प्रयोगशाळेत शोधायला शिकवतात. मुलाला याचीच ओढ असेल तर जरूर घ्या; डॉक्टरकी हुकली म्हणून घेऊ नका.

म्हैसूरचं जेएसएस २००८पासून अभिमत विद्यापीठ आहे. त्याचं मेडिकल कॉलेज १९८४चं. शहरात १९५०पासून सीएफटीआरआय ही अन्नसंशोधन संस्थाही आहे. नावं मोठी आहेत, तरी फी भरण्याआधी प्रयोगशाळा पाहा. सूक्ष्मदर्शक मुलांच्या हातात आहे की कपाटात? फौजेत रेकी केल्याशिवाय आम्ही पाऊल टाकत नसू. जय हिंद!