बैठे काम आणि माणसाचे शरीर

यमुना आणि हिंडन या नद्यांमधील सपाट प्रदेशात १९७६ पर्यंत प्रामुख्याने शेती होत असे. त्या वर्षाच्या एप्रिल महिन्यात उत्तर प्रदेश शासनाने तेथे नव ओखला औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन केले आणि त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून नव्या नगरास नोएडा हे नाव मिळाले. हरौला, अट्टा, निठारी ही जुन्या खेड्यांची नावे आजही तेथे ऐकू येतात. परंतु शेतांच्या जागी आता क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, बहुमजली इमारती आणि संगणकांनी भरलेली कार्यालये उभी आहेत. ज्या भूमीवर पन्नास वर्षांपूर्वी माणसे नांगरामागून चालत होती, तेथे आज हजारो माणसे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून काम करतात. पुण्याजवळील हिंजवडीची कथाही याहून फारशी निराळी नाही.

भूमीचा वापर एका पिढीत बदलता येतो. मानवी शरीराची घडण मात्र इतक्या अल्प काळात बदलत नाही. लक्षावधी वर्षे चालणे, ओझे वाहणे, वाकणे, खणणे यांसाठी जे शरीर घडत आले, त्याला आता दिवसभर स्थिर राहावे लागत आहे. याचे परिणाम काय होतात आणि सामान्य माणसास त्यावर काय उपाय करता येतात, हे येथे पाहावयाचे आहे.

चालक आणि वाहक

या प्रश्नाचा पहिला भक्कम पुरावा लंडनमधील बसगाड्यांत सापडला. जेरेमी मॉरिस या वैद्यकशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. दुमजली बसचा चालक दिवसभर आसनावर बसून असे. वाहक मात्र तिकिटे देत गाडीच्या जिन्यावरून शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. दोघे एकाच प्रकारच्या वस्तीत राहणारे आणि जवळजवळ सारख्याच परिस्थितीतील. असे असूनही हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये चालकांपेक्षा कमी आढळले आणि ज्या वाहकांस तो झाला, त्यांच्यामध्ये तो तुलनेने सौम्य होता. पुढे असा आक्षेप निघाला की, चालक मुळातच अधिक स्थूल असावेत. त्याचाही विचार करून पुढील अभ्यास झाले आणि शारीरिक हालचालीचे महत्त्व कायम राहिले.

भारतातही असा एक महत्त्वाचा अभ्यास झाला. ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील २१३ पुरुषांचा आहार, वजन व काम यांची तुलना करून १९५६ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. हलक्या कामापासून अतिशय कष्टाच्या कामापर्यंत जसजसे श्रम वाढत, तसतसा आहारही वाढे आणि वजन फारसे वाढत नसे. परंतु अगदी बैठे काम करणारे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक खात आणि त्यांचे वजनही अधिक असे. यावरून मेयर यांनी असे अनुमान काढले की, भूक ही शरीराच्या गरजेचे योग्य माप सांगते, पण ते काही किमान हालचाल असेल तरच. हालचाल त्याहून कमी झाली की भूक आणि गरज यांची फारकत होते.

स्नायूंचे कार्य

स्नायू केवळ हातपाय हलविण्यासाठी असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेणारे शरीरातील सर्वांत मोठे कोठारही स्नायूच होत. एरवी रक्तातील साखर स्नायूंच्या पेशींत शिरण्यास इन्सुलिन या संप्रेरकाची आवश्यकता असते. परंतु स्नायू आकुंचन पावत असताना साखरेसाठी पेशीचे आणखी एक द्वार उघडते आणि त्यास इन्सुलिनची गरज लागत नाही. माणूस खुर्चीत बसला की मांड्या व नितंब यांतील मोठे स्नायू जवळजवळ निष्क्रिय होतात आणि हे दुसरे द्वार बंद राहते.

महाराष्ट्रातील घरोघरी जेवणानंतर शतपावली करण्याची रीत आहे. तिच्यामागील तत्त्व हेच होय. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने रक्तातील साखरेची चढती पातळी कमी राहते, असे अलीकडील अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. शंभर पावलांऐवजी हजार-दीड हजार पावले टाकली, तर ही जुनी रीत अधिक फलदायी ठरेल.

कृश देहातील मेद

भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे व ती पुण्यातील संशोधनामुळे प्रकाशात आली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत गर्भवती स्त्रिया व त्यांची अपत्ये यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी होते. त्यांचे स्नायू अल्प होते. मेद मात्र त्या मानाने टिकून होता. बालक दिसावयास कृश, पण त्याच्या शरीराची रचना मेदाकडे झुकलेली, असे हे विलक्षण चित्र होते.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास देहभारांक म्हणतात. दोघांचाही देहभारांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. तराजूवर सारखी ठरलेली दोन शरीरे आतून इतकी भिन्न होती.

यास्तव भारतीयांनी वजनकाट्यावरच विसंबून राहणे धोक्याचे आहे. युरोपीय लोकांसाठी देहभारांकाची मर्यादा २५ मानली जाते. भारतीयांसाठी ती २३ धरतात. त्याहून सोपे साधन म्हणजे शिंप्याची फीत. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पोटाचा घेर मोजावा. पुरुषांमध्ये तो ९० सेंटिमीटर व स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर यांहून अधिक असल्यास पोटातील अवयवांभोवती मेद साठत आहे, असे समजावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे अनुमान निघाले. हा आकडा पाहिला म्हणजे फितीच्या या साध्या मापाचे महत्त्व ध्यानात येते.

बसावे कसे?

पाठीच्या कण्यातील मणक्यांच्या मध्ये लवचीक चकत्या असतात. प्रौढ माणसात या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण भोवतालच्या द्रवांतून झिरपूनच होते आणि दाब कमी-अधिक होत राहिल्याने त्यास साहाय्य मिळते. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या काळात चकत्यांतील दाब प्रत्यक्ष मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसताना तो अधिक असतो, असे सांगितले. १९९९ मध्ये जर्मनीत हान्स-योआखिम विल्के यांनी सुधारलेल्या साधनांनी पुन्हा मोजमाप केले, तेव्हा सरळ उभे राहणे आणि सैल बसणे यांत फारसा भेद आढळला नाही. मात्र पुढे पूर्ण वाकून बसल्यास दाब बराच वाढतो, याविषयी दोघांचे निष्कर्ष जुळतात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दिवसभर काठीसारखे ताठ बसण्याची सक्ती स्वतःवर करू नये. पाठ खुर्चीस टेकवून सैल बसण्यात गैर काही नाही. दुसरी, पुढे झुकून तासन्‌तास एकाच स्थितीत राहणे टाळावे. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस असावी, पावले जमिनीवर सपाट टेकावीत, कोपरांस आधार मिळावा आणि भ्रमणध्वनी पाहताना मान खाली घालण्याऐवजी हात वर उचलावा. मस्तकाचे वजन साडेचार-पाच किलोग्रॅम असते. मान जितकी पुढे झुकते, तितका मानेच्या मागील स्नायूंवरील ताण वाढतो. दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे. पाण्याचा तांब्या मेजावर न ठेवता दूर ठेवणे, दूरध्वनीवर बोलताना उभे राहणे, असे उपाय विनामूल्य आहेत.

पाण्याचा हंडा किंवा गॅसचे सिलिंडर उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे आणि ओझे अंगालगत धरून उठावे. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची सवयही जपण्यासारखी आहे. जमिनीवरून उठताना मांड्यांचे स्नायू आणि शरीराचा तोल या दोहोंस काम मिळते. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी मात्र हा आग्रह धरू नये.

ताटातील वाटणी

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा आणि भाज्या व फळे मिळून सुमारे ५०० ग्रॅम पोटात जावीत. बहुतेक घरांतील ताटाची वाटणी याहून निराळी असते. भाताचा ढीग किंवा पोळ्यांची चवड मोठी, आमटी पातळ आणि भाजी तोंडी लावण्यापुरती, असे ते ताट असते. त्यात प्रथिने थोडी पडतात आणि बैठ्या माणसास न पेलणारा पिष्टमय भाग अधिक होतो.

सुधारणेसाठी परदेशी खाद्यांची आवश्यकता नाही. एक पोळी कमी करून मोड आलेल्या मटकीची उसळ एक वाटी वाढवावी. वरण घट्ट करावे. पिठले, दही, ताक आणि चालत असल्यास अंडी व मासळी यांचा समावेश करावा. पांढऱ्या तांदळाच्या जागी काही वेळा ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी घ्यावी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तृणधान्यांत तिची बरोबरी करणारे दुसरे नाही.

साखर व मीठ बहुधा नकळत पोटात जातात. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर केवळ चहातून सुमारे ३२ ग्रॅम साखर होते. प्रौढ व्यक्तीने ती २५ ग्रॅमच्या आत ठेवणे इष्ट मानले जाते. मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर आहे. लोणचे, पापड, फरसाण आणि पाकीटबंद पदार्थ ही मर्यादा सहज ओलांडावयास लावतात.

व्यायाम किती व कोठे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. ज्या चालण्यात बोलता येते पण गाता येत नाही, ते मध्यम श्रमाचे समजावे. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा मात्र प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावावरून तो रूढ झाला. अलीकडील संशोधनानुसार सात हजारांच्या आसपासही बराचसा लाभ पदरी पडतो आणि जो मुळीच चालत नाही, त्यास पहिल्या दोन-तीन हजार पावलांचाही उपयोग होतो.

नोएडासारख्या नगरात उन्हाळ्यातील उष्मा आणि हिवाळ्यातील दूषित हवा या खऱ्याच अडचणी आहेत. हवेची प्रत अतिशय खालावलेली असेल, त्या दिवशी बाहेर धावणे हितावह नाही. अशा वेळी सतरंजीपुरत्या जागेत होणारे सूर्यनमस्कार उपयोगी पडतात. साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा शाळाशाळांतून प्रसार केला. त्यांत पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो आणि हात, खांदे व मांड्या यांवर शरीराचे वजन पेलावे लागते. म्हणजे लवचीकपणा आणि बळ दोन्ही साधतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेहावरील औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घेऊन हळूहळू आरंभ करावा. श्रम करताना छातीत दुखल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावेत.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत आणि हे प्रमाण पुरुषांमध्ये ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के आहे. याचा सर्व दोष आळसाला देता येत नाही. घर व नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रीस संध्याकाळी अर्धा तास मोकळा मिळणे, तिला निर्धास्तपणे चालता येईल असा पदपथ असणे आणि मुलांना खेळावयास मैदान असणे या गोष्टी कुटुंबाच्या व नगराच्या हाती असतात. एखाद्या घरात स्वयंपाकाचा भार वाटून घेतला गेला, तर त्या घरातील एका व्यक्तीच्या व्यायामाचा प्रश्न त्याच दिवशी सुटतो. बैठे काम नव्या जगातून जाणार नाही. पण कामाच्या दोन तासांमध्ये उठून चालण्याची मुभा, ताटात उसळीची वाटी आणि घराजवळ चालण्याजोगा रस्ता, इतके साधले तरी त्याचे पुष्कळसे दुष्परिणाम टाळता येतील.