विश्लेषण : लाइन सुरळीत, तरी पान उघडेना, प्रॉक्सी सर्व्हरची मेमरी खाते कोण?

परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली आहे, संगणक कक्ष भरलेला आहे आणि कोणाच्याही पडद्यावर पान उघडत नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी लाइन ठीक असल्याचे सांगते. अशा वेळी अनेकदा दोष मधल्या प्रॉक्सी सर्व्हरमध्ये असतो. त्याची मेमरी, म्हणजे रॅम, भरलेली असते. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की काही तास बरे जातात आणि मग पुन्हा तेच. त्यानंतर नवी रॅम किंवा नवा सर्व्हर घेण्याचा प्रस्ताव तयार होतो. पण मेमरी नेमकी कुठे जाते हे न पाहता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

प्रॉक्सी सर्व्हर काय काम करतो?

महाविद्यालयात दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावण्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. सर्व्हरचे कामही तसेच आहे, फक्त ते उघडपणे चालते. कक्षातील संगणक थेट इंटरनेटवर न जाता प्रॉक्सीकडे मागणी करतो, प्रॉक्सी स्वतःच्या नावाने ते पान आणतो आणि मागणाऱ्याला देतो. कोणती संकेतस्थळे उघडावीत याचे नियम तो लावतो, वापराची नोंद ठेवतो आणि वारंवार मागितल्या जाणाऱ्या फाइलींची प्रत जवळ साठवतो. या साठ्याला ‘कॅशे’ म्हणतात.

या कामासाठी जगभर वापरले जाणारे एक जुने मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ‘स्क्विड’. अमेरिकेतील ‘हार्वेस्ट’ या संशोधन प्रकल्पातून ते पुढे आले आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्क्विड म्हणजे आपल्याकडच्या मासळी बाजारातील माकूल. परवाना शुल्क नसल्याने महाविद्यालये, वसतिगृहे आणि लहान कार्यालयांना ते परवडते. म्हणून पुढील उदाहरणे स्क्विडचीच आहेत.

मेमरी भरली की नेमके काय होते?

रॅम अपुरी पडली की लिनक्स मेमरीतील काही भाग डिस्कवर हलवते. याला ‘स्वॅप’ म्हणतात. एखादा कार्यक्रम बराच वेळ निवांत असेल तर त्याचा भाग डिस्कवर गेल्याने फारसे बिघडत नाही. प्रॉक्सीचे तसे नाही. प्रत्येक मागणीला त्याला साठ्याची सूची चाळावी लागते आणि ही सूची मेमरीभर विखुरलेली असते. तिचा काही भाग डिस्कवर गेला की जवळजवळ प्रत्येक मागणी डिस्कपाशी अडते. मागण्या साचतात, साचलेल्या मागण्यांना आणखी मेमरी लागते आणि चक्र घट्ट होत जाते.

स्वॅपही संपला की लिनक्स एखादा कार्यक्रम मारून टाकते. सर्वाधिक मेमरी धरून बसलेल्याचा नंबर सहसा आधी लागतो, म्हणजे प्रॉक्सीचाच. स्क्विडचा मुख्य कार्यक्रम मेलेला भाग आपोआप पुन्हा उभा करतो. त्यामुळे दोन-चार मिनिटे इंटरनेट गेले आणि आले, एवढेच लोकांना दिसते. मूळ दुखणे झाकले जाते.

मेमरी खरेच भरली आहे, हे कसे ओळखावे?

पहिली चूक इथेच होते. लिनक्समध्ये ‘फ्री’ हा आकडा कमी दिसला की घबराट उडते. पण रिकामी रॅम लिनक्स वाया घालवत नाही, डिस्कवरील फाइलींच्या प्रती तिथे ठेवते आणि गरज पडताच ती जागा मोकळी करते. त्यामुळे पाहायचा आकडा ‘अव्हेलेबल’ हा आहे. तसेच एखाद्या कार्यक्रमाने मागून ठेवलेली मेमरी आणि प्रत्यक्ष रॅममध्ये व्यापलेली मेमरी हे दोन वेगळे आकडे असतात. चिंता करायची ती दुसऱ्याची.

‘अव्हेलेबल’ तळाला गेला असेल, स्वॅपमधून सतत ये-जा चालू असेल आणि लिनक्सच्या नोंदवहीत ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द असतील, तर दुखणे मेमरीचे आहे. एकाच वेळी किती जोडण्या उघडता येतील, यावरही मर्यादा असते. ती संपली तरी पाने उघडत नाहीत, पण रॅम मात्र शिल्लक असते. स्क्विड तसा इशारा आपल्या नोंदवहीत लिहितो. अशा वेळी रॅम वाढवून काहीच उपयोग नाही.

मर्यादा ठरवूनही वापर वाढतो कसा?

स्क्विडमध्ये ‘कॅशे मेम’ नावाची सेटिंग असते. तिचे मूळ मूल्य २५६ एमबी आहे. ही संपूर्ण कार्यक्रमाची मर्यादा आहे, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. सध्या ये-जा करणारी पाने आणि वारंवार मागितल्या जाणाऱ्या फाइलींच्या प्रती, एवढ्यांपुरतीच ती लागू होते. डिस्कवरील साठ्याची सूची, जोडण्यांची तात्पुरती जागा, बंदी घातलेल्या संकेतस्थळांच्या याद्या आणि नाव-पत्ता जोड्यांची नोंद यांचा हिशेब त्यात नसतो.

त्यामुळे ८ जीबी रॅम आहे म्हणून ‘कॅशे मेम’ला ६ जीबी देणे म्हणजे पगाराचा तीन चतुर्थांश भाग घरभाड्यात घालून किराणा, वीज आणि शाळेची फी विसरण्यासारखे आहे.

मोठ्या डिस्कचा रॅमशी संबंध काय?

हीच सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट. डिस्कवर साठवलेल्या प्रत्येक फाइलीची एक छोटी नोंद स्क्विड रॅममध्ये ठेवतो. ६४ बिटच्या यंत्रावर डिस्कवरील दर १ जीबी साठ्यामागे सुमारे १४ एमबी रॅम लागते, असा ढोबळ नियम आहे. फाइलीचा सरासरी आकार १३ केबी धरला तर १ जीबीमध्ये सुमारे ८० हजार फाइली मावतात. म्हणजे प्रत्येक नोंदीला जेमतेम १८० बाइट लागतात. संख्या वाढली की हीच चिल्लर मोठी होते.

समजा, सर्व्हरला ८ जीबी रॅम आहे, ‘कॅशे मेम’ ४ जीबी आणि डिस्कवरील साठा ३०० जीबी. सूचीला ४.२ जीबी लागतील. दोन्ही मिळून ८.२ जीबी. एकही विद्यार्थी संगणकावर बसण्याआधीच रॅम संपली.

गंमत अशी की हा हिशेब पहिल्या दिवशी उघड होत नाही. साठा रिकामा असतो, तेव्हा सूचीही लहान असते. डिस्क भरायला काही आठवडे लागतात आणि मेमरी रोज थोडी थोडी वाढत जाते. सगळ्यांना वाटते, सॉफ्टवेअरमध्ये गळती आहे. प्रत्यक्षात ते सांगितलेलेच काम करत असते.

गर्दीचा वाटा किती?

प्रॉक्सीमधून जाणाऱ्या मागणीला सहसा दोन जोडण्या लागतात. एक विद्यार्थ्याच्या संगणकाशी, दुसरी दूरच्या संकेतस्थळाशी. समजा, ६०० संगणकांनी प्रत्येकी २० जोडण्या उघडल्या. दोन्ही बाजू मिळून २४ हजार झाल्या. प्रत्येकीला ३२ केबी लागले असे धरले, तर ७५० एमबी केवळ ये-जा सांभाळण्यात गेले.

विद्यार्थ्याचा वायफाय संथ आणि संकेतस्थळ वेगवान असेल, तर प्रॉक्सी पुढचा मजकूर आधीच आणून मेमरीत धरतो. किती पुढे जायचे याची मूळ मर्यादा १६ केबी आहे. वेग वाढेल या आशेने कोणी ती १ एमबी केली आणि १ हजार संथ डाउनलोड चालू असले, तर त्यातच जवळपास १ जीबी अडकू शकते.

मदतनीस कार्यक्रमांचाही विसर पडतो. पासवर्ड तपासणारे किंवा पत्ते चाळणारे हे कार्यक्रम स्क्विडच्या बाहेर, स्वतंत्रपणे चालतात. स्क्विडच्या अहवालात त्यांची मेमरी मोजली जात नाही. प्रत्येकी ५० एमबी घेणारे असे ३० कार्यक्रम असतील, तर १५०० एमबी, म्हणजे सुमारे दीड जीबी, कुठे गेले हे स्क्विडमध्ये शोधून सापडणार नाही.

खरी गळती कशी ओळखावी?

वापरून झालेली मेमरी स्क्विड लगेच परत करत नाही, पुढच्या कामासाठी काही जवळ ठेवतो. त्यामुळे सकाळी ११ च्या गर्दीत आकडा चढला आणि रात्री उतरला नाही, एवढ्यावरून गळती ठरत नाही. पूर ओसरल्यावरही भिंतीवर पाण्याची रेघ राहते, तसेच हे आहे.

फरक कळतो तो काही दिवसांच्या आलेखावरून. आकडा चढून एका पातळीवर स्थिरावला, तर ती गरज आहे. गर्दी तेवढीच, डिस्कवरील साठाही भरून स्थिर झालेला, तरीही आकडा रोज वरच जात असेल, तर गळतीचा संशय रास्त आहे. आणखी एक सोपी कसोटी आहे. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर सूची डिस्कवरून लगेच परत रॅममध्ये येते, त्यामुळे आकडा थोड्याच वेळात जुन्या पातळीजवळ पोहोचतो. गळती मात्र शून्यापासून हळूहळू जमते.

स्क्विडमध्ये ‘कॅशे मॅनेजर’ नावाची सोय आहे. तिच्या मेमरी अहवालात कोणत्या प्रकारच्या नोंदींनी किती जागा घेतली हे वेगवेगळे दिसते. दोन दिवसांचे दोन अहवाल शेजारी ठेवले की वाढणारी ओळ सापडते. साठ्याची सूची वाढली तर डिस्क कमी करावी. जोडण्यांचा भाग वाढला तर गर्दी किंवा न मिटणाऱ्या जोडण्या पाहाव्यात. कशाशीच न जुळणारी वाढ असेल, तर आधी आवृत्ती तपासावी.

जुनी आवृत्ती किती धोकादायक?

२०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने स्क्विडची तपासणी करून ५५ त्रुटी शोधल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची माहिती जाहीर झाली, तेव्हा त्यातील ३५ दुरुस्त झालेल्या नव्हत्या. त्यात मेमरी गळतीच्या त्रुटीही होत्या. अशा त्रुटीचा फायदा घेऊन बाहेरची व्यक्ती मुद्दाम मेमरी भरवून सेवा ठप्प करू शकते. वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या सर्व्हरला नवी रॅम देणे म्हणजे गळक्या टाकीत पाण्याचा टँकर रिकामा करणे.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

आधी मोजमाप. किमान एक आठवडा रॅम, स्वॅप आणि जोडण्यांची संख्या दर पाच मिनिटांनी नोंदवावी. मग हिशेब मांडावा : ‘कॅशे मेम’, दर जीबी डिस्कमागे १४ एमबी, गर्दीच्या वेळच्या जोडण्या, मदतनीस कार्यक्रम आणि लिनक्सची स्वतःची गरज. बेरीज रॅमपेक्षा बरीच कमी हवी.

वरच्या उदाहरणात डिस्कवरील साठा १०० जीबी आणि ‘कॅशे मेम’ १ जीबी केली, तर दोन्ही मिळून २.४ जीबी होतात. ८ जीबीतील साडेपाच जीबीहून अधिक जागा जोडण्या आणि इतर कामांना उरते. खर्च शून्य.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. चार सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही. दररोज रात्री सर्व्हर पुन्हा सुरू करणे हा तात्पुरता आधार ठरू शकतो, पण त्यामुळे पुरावा पुसला जातो. म्हणून त्याआधी मेमरी अहवाल जतन करावा. एवढे करूनही बेरीज रॅमच्या वर जात असेल, तरच खरेदीचा प्रस्ताव योग्य.

एवढा साठा आज हवा तरी का?

स्क्विड आले, तेव्हा लाइन संथ आणि महाग होती. बहुतेक पाने उघड्या स्वरूपात येत आणि त्यांची प्रत ठेवता येत असे. आज बहुतांश संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ या कुलूपबंद मार्गाने येतात. प्रॉक्सी त्यांची वाहतूक केवळ पुढे ढकलतो, आत काय आहे ते त्याला दिसत नाही आणि त्याची प्रतही ठेवता येत नाही.

काही संस्था हे कुलूप मध्येच उघडण्याची व्यवस्था बसवतात. त्याने मेमरी आणि प्रोसेसर दोन्हींवर भार वाढतो. शिवाय विद्यार्थ्यांचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार संस्थेच्या सर्व्हरवर उघडे होतात, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे.

म्हणून कॅशे मॅनेजरमध्ये आणखी एक आकडा पाहावा. शंभरातील किती मागण्या साठ्यातून भागल्या, हे तो सांगतो. तो अगदीच कमी असेल, तर शेकडो जीबींचा साठा आणि त्याच्या सूचीने अडवलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नाही. तो साठा लहान केला किंवा बंद केला, तरी नियम लावण्याचे आणि नोंद ठेवण्याचे काम चालूच राहते आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी लागणारी मेमरी मोकळी होते.