शिसवी पलंग आणि एक गिटार

माझ्या आजोळी माजघरात एक शिसवी पलंग आहे. काळाभोर, जड, चार माणसांना हलत नाही असा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या उशाकडच्या फळीवर वारंवार टिचक्या मारून पाहू लागलो, तेव्हा आजीला संशय आला. "काय रे, काय शोधतोस?" तिने विचारले. मी खरे ते सांगून टाकले. ही फळी पातळ चिरून घेतली, तर एका गिटारची पाठ होईल. आजी एवढेच म्हणाली, "मी गेल्यावर काय कापायचं ते कापा."

पलंग आजही शाबूत आहे. तो आजीच्या धाकाने वाचला असे मात्र नव्हे. गिटारचा आवाज मुख्यतः कोणत्या लाकडातून निघतो हे मला उशिरा का होईना समजले, म्हणून वाचला. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझी पहिली गिटार मी आमच्या गल्लीतल्या सुतारमामांच्या दुकानात बांधली होती. सगळी सागवानी. पाठ सागाची, बगला सागाच्या, आणि मिरजेचे सतारमेकर ज्याला 'तबली' म्हणतात तो दर्शनी भागही सागाचाच, तोही चांगला पाच मिलिमीटर जाडीचा. फुटू नये म्हणून! दिसायला देखणी झाली. तारा चढवून छेडल्या, तर चहाच्या खोक्यावर बोटे वाजवावीत तसा आवाज. मामा माझे सांत्वन करीत म्हणाले, "पण मजबूत आहे हो!" मी सारा दोष पाठीला दिला. कारण गिटारच्या जाहिराती पाहाव्यात तर शिसवीच्या पाठीचेच गोडवे. आणि मग माझी नजर आजीच्या पलंगावर गेली.

या समजुतीला उत्तर देणारा माणूस फार पूर्वीच होऊन गेला आहे. स्पेनमधल्या आल्मेरियाजवळ १८१७ साली जन्मलेला आंतोनियो दे तोरेस हा पेशाने सुतार. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो तिचे भरदार पोट आणि तारेची ६५० मिलिमीटर बोलती लांबी रूढ झाली ती प्रामुख्याने त्याच्या घडणीमुळे. १८६२ साली या गृहस्थाने एक गिटार बांधली, तिची पाठ आणि बगला कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि तबली तेवढी उत्तम स्प्रूसची. गिटारचा जीव तबलीत असतो, हे त्याला दाखवायचे होते. ही गिटार बार्सिलोनाच्या संगीत वस्तुसंग्रहालयात आहे.

तबलीला एवढे महत्त्व का, हे जरा विचार केला तर कळते. तार स्वतः हवा फारशी हलवू शकत नाही. ती आपला कंप घोडीला देते, घोडी तबलीला देते, आणि तबलीचा विस्तार मोठा असल्याने ती हवेला ढकलते. तारेच्या अंगी शक्ती बेताचीच. तेव्हा तबली हलकी हवी, म्हणजे थोडक्या जोराने हलेल. पण पोलादी सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस तिला रात्रंदिवस लोंबकळत असतो म्हणा ना! तेव्हा ती ताठही हवी. हलके आणि ताठ हे दोन्ही गुण एकत्र असलेले लाकूड म्हणजे स्प्रूस. हा थंड प्रदेशातला सूचिपर्णी वृक्ष. थंडीत तो सावकाश वाढतो, त्याची वर्षवलये दाट आणि सारखी असतात. खोड कलिंगडाच्या फोडीसारखे मध्यातून उभे चिरतात, म्हणजे फळीतल्या रेघा सरळ आणि उभ्या मिळतात. मग एकच फळी जाडीत चिरून पोथीसारखी उघडायची आणि मधोमध जोडायची. दोन्ही अंगे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे दिसतात. स्पेनमधल्या ज्येष्ठ कारागिरांनी पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतला लाल सीडरही वापरायला घेतला. त्याचा आवाज लवकर मोकळा होतो असे म्हणतात.

आता माझ्या सागाचा हिशेब पाहा. साग स्प्रूसच्या जवळजवळ दीडपट जड, आणि माझी फळी नेहमीच्या तबलीच्या पावणेदोनपट जाड. म्हणजे वजन अडीचपटीहून अधिक. ताठपणाचे गणित तर याहून विलक्षण. जाडी दुप्पट केली की फळीचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. उलट ३ मिलिमीटरची तबली रंधा मारून २.७ केली, की ताठपणा सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरतो. एक दशांशाची तासणी आणि एवढा फरक! म्हणूनच जाणता कारागीर शेवटचे रंधे मारताना दर चार हातांनी थांबतो, फळी दोन बोटांत धरतो, टिचकी मारतो आणि कान देतो. नुसते आकड्यांवर काम भागत नाही, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात.

एवढी पातळ फळी ७० किलोंचा ताण सोसते ती पोटातल्या बरगड्यांच्या बळावर. येथे गिटार आणि आपली सतार यांचे मार्ग वेगळे होतात. सतारीची वा तंबोऱ्याची घोडी तबलीवर नुसती बसलेली असते. तारा तिच्यावरून पलीकडे जाऊन बुडाशी बांधलेल्या असतात, त्यामुळे भार येतो तो सरळ खाली. गिटारच्या तारा घोडीलाच बांधलेल्या. घोडी तबलीला सरसाने चिकटवलेली. त्यामुळे तारा तिला सारख्या पुढे उलथू पाहतात, आणि तबली तिच्या मागे फुगते नि पुढे खचते. तोरेसने आतड्याच्या तारांसाठी पंख्याच्या काड्यांसारख्या सात बरगड्या बसवल्या. जर्मनीतून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या मार्टिन नावाच्या कारागिराच्या कारखान्यात १८४० च्या दशकात फुलीच्या आकाराच्या बरगड्या आल्या, आणि पुढे पोलादी तारा आल्यावर तीच रचना जगभर रूढ झाली.

मग पाठीचे काय? ती अगदीच मुकी असते असे मी म्हणणार नाही. पण २०१८ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एक मौजेची परीक्षा घेतली. एकाच घडणीच्या सहा गिटारी, फक्त पाठीची व बगलांची लाकडे सहा प्रकारची. ब्राझीलची शिसवी, भारतीय शिसवी, महोगनी, मेपल, सॅपेले आणि अक्रोड. ५२ वादकांना अंधुक उजेडात काळे चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या. स्वस्त आणि महाग लाकडांत आवाजाचा म्हणण्यासारखा फरक त्यांना जाणवला नाही. हे वाचले त्या रात्री मी आजीच्या पलंगाची मनोमन माफी मागितली.

आणि ही शिसवी जगाला पुरवतो कोण, तर आपणच. ब्राझीलने आपल्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा १९६९ साली मार्टिनच्या कारखान्याने भारतीय शिसवी घ्यायला सुरुवात केली. सह्याद्रीच्या उतारांवर आणि खाली कर्नाटक-केरळात वाढणारी ही झाडे अशी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पोचली. ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद आहे. २०१७ साली शिसवीच्या साऱ्या कुळालाच त्या कराराचे नियम लागू झाले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून बरीच सूट मिळाली, पण ओंडक्यांवरचे निर्बंध राहिले. ज्या लाकडाने कानाला फारसा फरक पडत नाही त्याच्यासाठी जंगले एवढी झिजली, याला काय म्हणावे!

दुसऱ्या गिटारला मी स्प्रूसची जोडफळी बाहेरून मागवली. खिशाला जड गेली, पण खर्च योग्य जागी झाला. पाठीला पहिल्या गिटारचाच साग, अडीच मिलिमीटरपर्यंत उतरवून. सागात तेल असते, म्हणून जोडण्यापूर्वी ताजा रंधा मारावा लागतो, नाहीतर सरस धरत नाही. बगला दोन मिलिमीटरच्या. त्या भिजवून तापल्या नळीवर वाकवल्या. त्यांत दोन मोडल्या. एक गोष्ट मात्र मामांनी हट्टाने करायला लावली. बरगड्या पावसाळ्यात चिकटवू दिल्या नाहीत. ओल्या हवेत लाकूड आडवे फुगते. त्या स्थितीत जखडलेली तबली चैत्र-वैशाखात आक्रसू लागली की मधोमध तडकते. परदेशी कारागीर खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखतात. आम्ही दसऱ्याची वाट पाहिली.

गिटार बोलते आहे. खर्ज भरून येतो. वरच्या तारा अजून कोत्या वाटतात. फुलीची एक भुजा अर्धा मिलिमीटर उतरवायला हवी. ते काम आता तबलीच्या भोकातून हात घालूनच करावे लागणार, आणि माझा हात त्यात मावत नाही. धाकट्या बहिणीचा मावतो. तिच्या विनवण्या चालू आहेत.