जाळं फेकताना तोल जातो? रोज दहा मिनिटं ताई ची करून पाहा



डोंग्यात उभं राहून जाळं फेकायचं, चंदन नदीच्या ओल्या काठावरून मासळीचं टोपलं घेऊन चढायचं. आपल्या रामपायलीत हे सगळं काम तोलावर चालते. वय वाढलं की हा तोल हळूहळू कमी होतो. एकदा पाय घसरून हाड मोडलं, की अख्खा हंगाम गेला.

कोणी म्हणेल, दिवसभर मेहनत करतो, मग व्यायाम कशाला? पण भाऊ, मेहनत वेगळी, व्यायाम वेगळा. जाळं ओढताना आपण एकाच बाजूला जोर देतो, श्वास रोखतो, कमरेला झटका देतो. ताई चीमध्ये उलट आहे: दोन्ही बाजू सारख्या, श्वास मोकळा, हालचाल संथ.

ही चीनची जुनी विद्या, मुळात लढाईची. २०२० मध्ये युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

फायदा काय? २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, साठी ओलांडलेल्यांमध्ये ताई चीमुळे पडण्याचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होऊ शकते. २०१६ मध्ये अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या २०४ जणांवर अभ्यास झाला. १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा ताई ची करणाऱ्यांना फिजिओथेरपीइतकाच आराम मिळाला.

सुरुवात अशी करा:

१. कोरड्या, सपाट जागी पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा. गुडघे थोडे सैल ठेवा.

२. श्वास घेत सगळा भार हळूहळू उजव्या पायावर न्या, डावी टाच उचला. श्वास सोडत मध्ये या. मग डावीकडे. असं दहा-दहा वेळा.

३. आता संथ चाला. आधी टाच टेकवा, मगच भार द्या. गाळात उतरताना आपण पायाने जमीन चाचपतो ना, अगदी तसंच!

तोल जात असेल तर भिंतीजवळ करा. दुखेल इतकं वाकू नका. बीपी-शुगरची गोळी मात्र बंद करू नका. चक्कर आली, छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि दवाखान्यात जा.

दोन दिवसांत फरक दिसणार नाही, दोन-तीन महिने नेमाने करावं लागेल. घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा, आणि त्यांच्यासोबत आपणही उभे राहा.