परवाना घरात, बंदूक रानात?

संध्याकाळची वेळ आहे. शेतात भुईमूग उभा आहे. रात्र झाली की रानडुकरं येतात आणि सगळं उकरून टाकतात. म्हणून एक शेतकरी राखणीला निघाला आहे. त्याच्या खांद्यावर ठासणीची बंदूक आहे. बंदुकीचा परवाना आहे, पण तो घरी पेटीत ठेवलेला आहे.

फाट्यावर पोलीस हवालदार उभे आहेत. ते म्हणतात, “थांबा काका. बंदुकीचा परवाना दाखवा.”

शेतकऱ्याला राग येतो. तो म्हणतो, “हवालदारसाहेब, मी काय चोर आहे? माझ्याच शेतावर चाललोय. मला कशाला अडवता?”

असं घडलं की दुसऱ्या दिवशी पारावर हीच चर्चा चालते. एक जण म्हणतो, “त्यानं काही गुन्हा केला नव्हता. मग अडवायचं कशासाठी?” दुसरा म्हणतो, “बंदूक काही काठी नव्हे. कोणाच्या हातात आहे, हे पोलिसांनी बघायला नको का?”

दोघांच्याही बोलण्यात काही तथ्य आहे. मग कायदा काय सांगतो, ते पाहू.

आपल्या देशात 1959 साली हत्यारांचा कायदा झाला. या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर तिलाही परवाना लागतो. साधी काठी, किंवा फक्त घरकामाची व शेतीची अवजारं ही मात्र या कायद्यात हत्यारं धरलेली नाहीत.

याच कायद्याचं 19 वं कलम पोलिसांच्या अधिकाराविषयी आहे. कोणी बंदूक घेऊन जात असेल, तर पोलीस त्याला परवाना विचारू शकतात. तो चोर आहे असा संशय असायला हवा, असं नाही. बंदूक जवळ आहे, एवढं कारण पुरतं.

परवाना दाखवला नाही तर काय होतं? मग पोलीस नाव व पत्ता विचारू शकतात. जरूर वाटली तर बंदूक ताब्यात घेऊ शकतात. माणसानं नाव सांगितलं नाही, खोटं नाव सांगितल्याचा संशय आला, किंवा तो पळून जाईल असं वाटलं, तर त्याला वॉरंटाशिवाय अटकही करता येते.

म्हणजे कायद्यानं पायऱ्या घातल्या आहेत. आधी परवाना विचारायचा, मग नाव, मग बंदूक. अटक सर्वांत शेवटी. नुसता परवाना घरी राहिला आणि माणसानं खरं नाव सांगितलं, तर या कलमाखाली अटकेची पायरी येत नाही.

20 वं कलम याहून कडक आहे. बंदूक वाईट कामासाठी चालवली आहे असा सबळ संशय असेल, तर परवाना असूनही अटक होऊ शकते. शिवाय 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक झाकून न्यावी लागते. बाजारात किंवा मिरवणुकीत बंदूक मिरवायला परवानगी नाही.

पण पोलिसांचा अधिकारही अमर्याद नाही. परवाना विचारण्याचा अधिकार म्हणजे शिवी देण्याचा, मारण्याचा किंवा पैसे मागण्याचा अधिकार नव्हे. अटक केली तर कारण सांगावं लागतं आणि 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. त्या 24 तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. हे आपल्या राज्यघटनेतच लिहिलं आहे.

आता कोणी विचारील, “सगळ्या जगात असंच आहे का?” नाही. अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटतो. तो समजला म्हणजे आपला कायदाही नीट समजतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 सालापासून हत्यार बाळगणं हा लोकांचा हक्क मानलेला आहे. विनाकारण झडती होऊ नये, हाही हक्क त्याच साली घातला गेला. तिथल्या पुष्कळ राज्यांत माणूस कमरेला पिस्तूल लावून, सर्वांना दिसेल असा रस्त्यानं जाऊ शकतो. मग पोलिसांनी त्याला अडवावं की नाही?

ओहायो नावाच्या एका राज्यातल्या दोन हकिकती पाहा.

पहिली हकिकत 1963 सालची, क्लीव्हलंड शहरातली. काही माणसं एका दुकानापुढून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत होती आणि काचेतून आत डोकावत होती. एका अनुभवी पोलिसाला दरोड्याचा संशय आला. त्यानं त्यांना थांबवून कपडे चाचपले. दोघांजवळ पिस्तुलं सापडली. 1968 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोलिसाचं बरोबर होतं. कारण त्याच्या संशयाला डोळ्यांनी पाहिलेला आधार होता.

दुसरी हकिकत 2010 सालची, टोलेडो शहरातली. एक माणूस आपल्या घरच्यांबरोबर फिरायला निघाला होता. कमरेला पिस्तूल होतं, उघड दिसत होतं. कोणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आला. त्यानं पिस्तूल काढून घेतलं, त्या माणसाला बेड्या घातल्या आणि गाडीत बसवून ठेवलं. त्या माणसानं कोर्टात दाद मागितली. पोलिसाचं म्हणणं होतं, “हा गोळी झाडणार नाही, हे मला कसं कळावं?” 2015 साली वरच्या कोर्टानं सांगितलं की त्या राज्याच्या कायद्यानं उघड पिस्तूल बाळगायला मोकळीक दिली आहे. कायद्यानं मोकळीक दिलेली गोष्ट केली, एवढ्यावरून माणसाला पकडता येत नाही. पोलिसानं हवं तर त्याच्याशी चार शब्द बोलावेत.

तिथंही यावर वाद चालूच आहे. काही लोक म्हणतात, “गोळी सुटल्यावर पोलीस येऊन काय उपयोग?” दुसरे म्हणतात, “आज बंदुकीसाठी विनाकारण अडवतील, उद्या आणखी कशासाठी अडवतील.”

फरक कुठे आहे, ते आता लक्षात येईल. अमेरिकेत बंदूक हा हक्क आहे. म्हणून अडवण्याचं कारण पोलिसानं दाखवायचं. आपल्याकडे बंदूक ही परवानगीची वस्तू आहे. म्हणून परवानगी आहे, हे बंदूकवाल्यानं दाखवायचं.

आपल्या देशातही काही जणांना परवान्यातून सूट आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून अशी सूट मिळाली आहे. 2021 साली कर्नाटकच्या उच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली. पण पोलिसांनी विचारलं तर सूट आहे हे त्यांनाही दाखवावं लागतं.

तेव्हा हवालदारांनी परवाना विचारला, यात अपमान नाही. शेतकऱ्यानं शांतपणे खरं नाव, पत्ता सांगावा आणि परवाना घरी असल्याचं सांगावं. बंदूक ताब्यात घेतली, तर त्याचा लेखी कागद मागावा. मागायला भिऊ नये. हवालदारांनीही आपली पायरी सोडू नये.

आणखी एक गोष्ट. परवान्यावर मुदत लिहिलेली असते. तो कोणत्या भागापुरता आहे, हेही लिहिलेलं असतं. पूर्वी हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. आता तुम्हाला वाचता येतं. आज घरी गेल्यावर पेटीतून परवाना काढा आणि स्वतः वाचा. मुदत संपत आली असेल, तर वेळेवर अर्ज करा. आणि पुढच्या वेळी राखणीला निघताना परवाना बरोबर घ्या.